विश्लेषण : ‘देव चुकणाऱ्या माणसांकडूनच काम करून घेतो’ म्हणजे काय? गिरगावच्या शाळांपासून ‘स्मृतिचित्रां’पर्यंतची गोष्ट

गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज, चर्चगेटचं एसएनडीटी विद्यापीठ, देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आणि घराघरांतलं छापील मराठी पंचांग. वरवर पाहता या चार गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण प्रत्येकीचा धागा मागे नेत गेलं, तर तो दक्षिण आणि मध्य मुंबईत काम केलेल्या एखाद्या ख्रिस्ती माणसापर्यंत पोहोचतो. यातल्या बहुतेकांना आपलं काम फसलं असंच वाटावं, अशी परिस्थिती होती. त्यांच्यापैकी निर्दोष तर कुणीच नव्हतं. कुणी सरकारी हुकूम चुकवून पळालं, कुणामुळे घरं दुभंगली, तर कुणी बायकोला अंधारात ठेवून धर्म बदलला.

ख्रिस्ती प्रवचनांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, देव सामान्य आणि अपूर्ण माणसांनाच वापरतो. या वाक्याचा नेमका अर्थ काय? ते फक्त धीर देण्यापुरतं आहे की त्यामागे काही विचार आहे? आणि त्याचा गैरवापर होतो का? मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती इतिहासाच्या आधारे हे समजून घेऊ.

ही कल्पना आली कुठून?

बायबलमधले नायक पाहिले तर ही कल्पना लगेच लक्षात येते. इस्राएली लोकांना गुलामीतून सोडवणारा मोशे बोलताना अडखळत असे आणि त्याच्या हातून एक खूनही झाला होता. दावीद राजाने दुसऱ्याच्या बायकोचा मोह धरला आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पाठवलं. योनाला देवाने एका शहरात जायला सांगितलं, तर तो उलट्या दिशेच्या जहाजात जाऊन बसला. येशूचा सर्वांत जवळचा शिष्य पेत्र याने संकटाच्या रात्री त्याला तीनदा नाकारलं. आणि पौल तर आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करण्यात पुढे होता.

महत्त्वाचं म्हणजे बायबल या चुका झाकत नाही. दाविदाच्या पापाबद्दल त्याला तोंडावर सुनावणारा संदेष्टाही त्याच ग्रंथात आहे. पौलाने आपल्या एका पत्रात यासाठी मातीच्या भांड्यांची उपमा वापरली. ठेवा मोलाचा, पण तो ज्या भांड्यात आहे ते साधं, फुटणारं. मोल ठेव्याचं आहे, भांड्याचं नाही, हे विसरलं जाऊ नये म्हणून.

यातूनच विश्वासूपणाची ख्रिस्ती व्याख्या तयार होते. विश्वासू माणूस म्हणजे कधीच न चुकणारा किंवा हमखास यशस्वी होणारा माणूस नव्हे. पडल्यावर चूक कबूल करून पुन्हा कामाला लागणारा आणि फळ दिसलं नाही तरी काम न सोडणारा, तो विश्वासू.

मराठी माणसाला हा विचार परका वाटायचं कारण नाही. वारकरी संतांच्या अभंगांतही स्वतःच्या दोषांची कबुली जागोजागी येते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत ते काही उगाच नाही.

गॉर्डन हॉल कोण होते?

मुंबईतली प्रोटेस्टंट कामाची गोष्ट सुरू होते ती एका गोंधळापासून. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा आपल्या मुलखात मिशनरी नको होते. त्यातच अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू होतं. दोघांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला.

तेव्हा दोघांनी गुपचूप जहाज गाठलं आणि ते कोचीनकडे निघून गेले. तिथून त्यांना सिलोनला जायचं होतं. पण ते पकडले गेले आणि मुंबईत परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी तोवर त्यांच्याशी सौम्यपणे वागणूक ठेवली होती, त्यामुळे त्यांना हे पलायन विश्वासघातासारखं वाटलं. धर्म सांगायला आलेली माणसं चोरपावलांनी पळाली, हा आक्षेप काही चुकीचा नव्हता. हॉल यांनी गव्हर्नरना पत्रं लिहून आपली बाजू मांडली, त्यांच्या सदसद्विवेकाला हाक घातली. अखेर राहण्याची परवानगी मिळाली.

नॉट प्रकृतीच्या कारणाने लवकरच मायदेशी परतले. १८१४ मध्ये सॅम्युएल न्यूवेल येऊन मिळाले. त्यांची पत्नी हॅरिएट प्रवासातच, मॉरिशसला, वयाच्या १९ व्या वर्षी वारली होती. न्यूवेल स्वतः १८२१ मध्ये मुंबईत कॉलऱ्याने गेले. हॉल मात्र मराठी शिकले, रस्त्यांवर आणि देवळांच्या आवारात बोलत राहिले, शाळा काढल्या, बायबलच्या भाषांतराला हात घातला. धर्मांतरं जवळपास झालीच नाहीत. पाठवणाऱ्या संस्थेच्या हिशेबाने पाहिलं, तर तेरा वर्षांची कमाई नगण्य होती.

मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिक भागात फिरत होते. तिथे कॉलऱ्याची साथ होती. जवळची बरीचशी औषधं त्यांनी आजाऱ्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर धोडी दापूर इथे त्यांनाच कॉलऱ्याने गाठलं आणि २० मार्चला एका देवळाच्या ओसरीवर त्यांनी प्राण सोडला. वय ४१. त्याच वर्षी मुंबईत मराठी नवा करार छापून पूर्ण झाला.

त्यांच्या छापखान्याचं पुढे काय झालं?

अमेरिकन मिशनने मुंबईत छापखाना उभारला होता आणि १८१७ पासून त्यातून मराठी छपाई सुरू झाली. हेतू उघड होता. बायबलचे भाग आणि धर्मप्रचाराची पुस्तकं लोकांपर्यंत न्यायची.

पण छापखाना हे कसब आहे आणि कसब शिकणारा ते कुठेही नेऊ शकतो. गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातले कारागीर या मिशनच्या छापखान्यात काम शिकले. त्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ मध्ये पहिलं छापील मराठी पंचांग बाजारात आणलं. पुढे जावजी दादाजी नावाचा मुलगा लहान वयातच याच मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागला. त्याने मोठेपणी काढलेला काळबादेवीचा निर्णयसागर छापखाना संस्कृत ग्रंथांच्या सुबक छपाईसाठी देशभर नावाजला गेला.

म्हणजे बायबल छापण्यासाठी आलेल्या यंत्रांवर शिकलेल्या हातांनी पंचांगं आणि संस्कृत काव्यं घरोघर नेली. हॉल यांना हे कळलं असतं तर ते खूश झाले असते का? बहुधा नाही. इथेच या कल्पनेतला पहिला मुद्दा स्पष्ट होतो. काम करणाऱ्याच्या योजनेप्रमाणेच फळ येईल, असं कुणीही कबूल केलेलं नाही. श्रद्धावान याला देवाची योजना म्हणेल, इतिहासकार अनपेक्षित परिणाम म्हणेल. पण ‘फळ माझ्या हातात नाही’ हे मान्य करणं दोघांनाही भाग आहे.

गिरगावात आंब्रोळीला काय घडलं?

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट १८२९ मध्ये मुंबईत आले. मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुलींनी शिकावं ही कल्पनाच लोकांना विचित्र वाटत होती, तो हा काळ. १८३५ मध्ये, जेमतेम सहा वर्षांच्या कामानंतर, त्या मुंबईतच वारल्या. १८३२ मध्ये गिरगावात आंब्रोळीला सुरू झालेल्या विल्सन यांच्या मुलांच्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभं राहिलं.

पण याच शाळेने शहराला हादरवूनही सोडलं. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात संताप उसळला, प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली.

त्याहून चटका लावणारी गोष्ट शेषाद्री भावांची. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, साधारण बारा वर्षांचा, तोही मिशनकडे ओढला गेला होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण प्रश्न सुटला नाही. ख्रिस्ती लोकांबरोबर जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर मुंबईतल्या ब्राह्मण समाजात दोन तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावं या बाजूने उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला.

एका शाळकरी मुलाची ही फरफट कुणामुळे झाली? मिशनऱ्यांच्या घाईमुळे की जातीच्या ताठरपणामुळे? दोन्हींचा त्यात वाटा होता. विल्सन हे जाडे विद्वान होते, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण इतर धर्मांवरची त्यांची टीका बोचरी होती आणि तिच्यामुळे दुखावलेली मनं खरी होती. दुसरीकडे, नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली आणि प्रामुख्याने मांग समाजात काम केलं. ब्राह्मण घरात वाढलेल्या माणसाने त्या काळात हे करणं लहान गोष्ट नव्हती. एकाच घटनेतून दुखावलेलं घर आणि उभी राहिलेली वस्ती, दोन्ही निघालं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

शारदा सदन चौपाटीवरून का हललं?

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे ख्रिस्ती झाल्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई जोशी, बालविधवा. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला हलवण्यात आलं.

सदनात कुणावर धर्म लादला जाणार नाही, असं आश्वासन होतं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी त्या भरवशावर पाठीशी उभी होती. पण रमाबाई आपली प्रार्थना खोलीचं दार उघडं ठेवून करत आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. हे आश्वासन पाळणं झालं की मोडणं, यावर १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई हट्टी होत्या. त्यांना ख्रिस्ती धर्मात आणणाऱ्या इंग्लिश भगिनींशीही धर्ममतांवरून त्यांचे खटके उडत. हिंदू समाजाला त्या धर्मबुडव्या वाटल्या आणि चर्चमधल्या काहींना बंडखोर.

त्या थांबल्या नाहीत. दुष्काळात त्यांनी निराधार मुलींना केडगावला आणलं आणि तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर एकहाती केलं. मुलगी मनोरमा १८२१ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९२१ मध्ये, आईच्या आधी गेली. त्या दुःखातही भाषांतराचं काम पुरं करूनच ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंनी डोळे मिटले.

आणि गोदूबाई? १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, म्हणजेच आजचं एसएनडीटी. कर्वे दांपत्य ख्रिस्ती झालं नाही. पण चौपाटीवरच्या त्या छोट्या सदनातून निघालेली एक वाट तिथवर जाते.

ना. वा. टिळकांचं काय चुकलं?

रेव्हरंड नारायण वामन टिळक मराठी शाळांतल्या पिढ्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून माहीत आहेत. १८९३ मध्ये रेल्वे प्रवासात एका अनोळखी युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही आवर्जून परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे तर भारतीय पाळकाच्या हातून.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. पदरात लहानगा दत्तू. नवऱ्याने निर्णय घेतला तो त्यांना विश्वासात न घेता. बातमी कळल्यावर त्या कोलमडून गेल्या. पुढची जवळपास पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. टिळकांची कीर्ती सांगताना ही पाच वर्षं एका ओळीत उरकली जातात. पण एका बाईसाठी ती नातेवाइकांच्या दारात, लोकांच्या नजरा झेलत काढलेली पाच वर्षं होती.

टिळक तापट होते. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. घरात चणचण असताना खिशातलं दुसऱ्याला देऊन मोकळे होत. नोकऱ्या आणि गावं बदलत राहिले. आणि याच माणसाने मराठी ख्रिस्ती उपासनेला इंग्रजी चालींच्या भाषांतरातून बाहेर काढून अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन दिलं. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीतं म्हटली जातात. कोवळ्या वयातल्या बालकवींना त्यांच्याच घरात आसरा मिळाला. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सगळ्यांसाठी तो खुला होता. पण दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचं निधन झालं. दरबार मूळ धरण्याआधीच ओसरला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अर्धवट राहिलं.

मग ते पूर्ण कुणी केलं?

लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून घरीच अक्षरओळख झालेल्या बाईने ते महाकाव्य पुढे नेऊन तडीला लावलं.

त्याही मुळात ‘आदर्श’ वगैरे नव्हत्या. टिळकांजवळ राहायला आल्यावरही त्यांनी सोवळं आणि स्वयंपाक वेगळा ठेवला होता. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, हे त्यांना हळूहळू, स्वतःच्या विचाराने पटत गेलं. त्या ख्रिस्ती झाल्या त्या नवऱ्याच्या मागून, पण नवऱ्यासाठी नव्हे.

उतारवयात त्यांनी आठवणी लिहिल्या. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेलं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठीतल्या श्रेष्ठ पुस्तकांत गणलं जातं. रेव्हरंडांच्या पत्नीने लिहिलेलं पुस्तक म्हणजे स्तुतिस्तोत्र असणार, असं वाटेल. प्रत्यक्षात त्यात टिळकांचा राग आहे, विसराळूपणा आहे, घरातली भांडणं आहेत आणि लक्ष्मीबाईंचा स्वतःचा भाबडेपणा, हट्ट आणि फजितीही आहे. सगळं हसत हसत, कुठेही कडवटपणा न आणता सांगितलेलं. तरीही वाचून झाल्यावर टिळकांबद्दलचा आदर कमी होत नाही. माणूस पूर्ण दिसतो म्हणून तो वाढतो.

गिरणगावच्या बाजूला काय झालं?

विसाव्या शतकात मुंबईची गर्दी परळ, लालबाग, भायखळा, नागपाडा या गिरण्यांच्या आणि चाळींच्या पट्ट्यात वाढली. हॉल यांच्याच अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले आणि १९२७ मध्ये त्यांनी ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ सुरू केलं. हिंदू, मुस्लिम, ज्यू, ख्रिस्ती अशा मिश्र, गरीब वस्तीत ते होतं. तिथला भर धर्मांतरावर नव्हता, वस्तीच्या रोजच्या प्रश्नांवर होता.

काम करता करता लक्षात आलं की सदिच्छा पुरत नाही, प्रशिक्षित माणसं लागतात. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने तिथेच समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १८१३ मध्ये कंपनीच्या हुकमातून पळालेल्या दोन तरुणांच्या मिशनचं हे सव्वाशे वर्षांनंतरचं टोक.

मग चुका माफ समजायच्या का?

या कल्पनेचा खरा धोका इथे आहे. ‘देव अपूर्ण माणसांना वापरतो’ हे वाक्य चूक करणाऱ्याच्या तोंडी आलं की त्याचा अर्थच बदलतो. अधिकाराच्या जागेवरचा माणूस दुसऱ्याला इजा करतो आणि मग ‘आपण सगळेच पापी’ म्हणून विषय मिटवतो, हे जगभरातल्या चर्चमध्ये घडलेलं आहे. इतर धर्मसंस्था आणि राजकीय पक्षही याला अपवाद नाहीत.

फरक ओळखायचा कसा? दोन प्रश्न उपयोगी पडतात. पहिला, चूक सांगतंय कोण? दाविदाच्या गोष्टीत पाप उघड होतं, त्याची किंमत मोजावी लागते आणि तो ते कबूल करतो. दुसरा, ज्याला इजा झाली त्याचं म्हणणं ऐकलं गेलं का? ‘स्मृतिचित्रे’चं मोठेपण हेच आहे. टिळकांच्या वागण्याचा सगळ्यात जास्त त्रास ज्यांना झाला, त्यांनीच ती गोष्ट सांगितली आणि मराठी ख्रिस्ती समाजाने ती आपली म्हणून जपली. क्षमा लक्ष्मीबाईंनी केली. ती टिळकांनी परस्पर घेऊन टाकलेली नव्हती. श्रीपत शेषाद्रीची बाजू मात्र त्याच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेली नाही, हेही विसरता येत नाही.

या गोष्टीत कुणाची नावं नाहीत?

वर आलेली नावं पाहा. परदेशी मिशनरी किंवा उच्चवर्णीय घरांतून आलेले लेखक-कवी. पण महाराष्ट्रातले बहुसंख्य मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले, विशेषतः अहमदनगर आणि आसपासच्या गावांतून. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांना पोटासाठी धर्म बदलला म्हणून हिणवलं गेलं. ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटली नाही, चर्चमध्येही ती डोकावत राहिली. गावोगाव पायी फिरून बायकांना वाचायला शिकवणाऱ्या ‘बायबल वुमन’, खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेचे मास्तर, मिशनच्या छापखान्यातले खिळे जुळवणारे कामगार, यांची आत्मचरित्रं नाहीत.

देव सामान्यांना वापरतो, हे वाक्य खरं मानायचं तर सगळ्यात आधी ते या माणसांबद्दल खरं ठरतं. इतिहासाने मात्र त्या ‘सामान्यां’तलेही असामान्यच टिपून ठेवले.

थोडक्यात, विश्वासूपण म्हणजे काय?

मुंबईचा हा इतिहास देवाचा हात सिद्ध करत नाही. ते इतिहासाचं कामही नाही. तो एवढंच दाखवतो की चांगलं काम करायला निर्दोष माणूस लागत नाही आणि चांगलं काम झालं म्हणून दोष नाहीसे होत नाहीत. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

ख्रिस्ती विचारात यालाच कृपा म्हणतात. माणसाच्या लायकीवर काम अडून राहत नाही, म्हणून लायकीचा आव आणायचीही गरज उरत नाही. आपल्या तेरा वर्षांच्या खटपटीतून काय उगवलं, हे पाहायला हॉल राहिले नाहीत. टिळकांना आपलं महाकाव्य पुरं झालेलं दिसलं नाही. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या. त्यांनी पुरं केलेलं ‘ख्रिस्तायन’ पुस्तकरूपाने आलं ते त्यानंतर, १९३८ मध्ये.